इंजिनाचा कढ

आमच्या यांना ऐकू येत नाही हे बिल्डिंगमधल्या सगळ्यांना माहीत आहे, फक्त यांना माहीत नाही.

बेल वाजली की दार मी उघडायचं. फोन वाजला की मी घ्यायचा. बँकेतली मुलगी काचेमागून काही विचारते, हे रुबाबात "हो, हो" म्हणतात आणि मग माझ्याकडे बघतात, आपण कशाला हो म्हटलं ते आता हिने सांगावं म्हणून. डॉक्टर यांना विचारतात, पोट साफ होतं का, आणि उत्तर मी देते. बरं, यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून. सकाळच्या चहाला माझा घसा ठीक असतो, दुपारी जेवायला बसेपर्यंत बसलेला असतो. पोस्टाच्या काउंटरवर मी हयात घालवली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना ओरडून ओरडून फॉर्म समजावले. वाटलं होतं, रिटायर झाल्यावर तरी जिभेला विश्रांती मिळेल. कसलं काय.

हे टूलरूमचे माणूस. वसई पूर्वेला एका कारखान्यात साचे घासण्यात यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे असेल, पण कंपनीने केलेली वस्तू आहे तशी वापरायची, हे यांच्या तत्त्वातच बसत नाही. "कंपनी अर्धंच काम करते, उरलेलं आपल्यासाठी ठेवते," असं यांचं म्हणणं. माझ्या कुकरची शिटी एकदा यांनी घासून 'सुधारली'. पुढे ती शिटी व्हायचीच नाही, नुसती कुंई कुंई करत रडायची. मिक्सरच्या पात्यांना धार लावून दिली, तर चटणीत रबराचे तुकडे. नळाला हात लावला तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. जित्याची खोड, दुसरं काय म्हणायचं.

पण या सगळ्या हौसेचं मूळ म्हणजे ती इंजिनं. हौशी लोक हाताने बनवलेली छोटी विमानं उडवतात ना, त्यांना बसवायची इंजिनं. मुठीत मावतील एवढी. खेळण्यातली म्हटलं की यांचा चेहरा उतरतो, म्हणून तसं म्हणत नाही. लहान असलं तरी त्यात पिस्टन असतो, तो ज्यात वरखाली होतो ते नळकांडं असतं, वर हेड असतं, पुढे लाकडी पंखा फिरतो. विमानं हे पूर्वी उडवायचे, मिठागरांच्या बाजूला मोकळी जागा होती तेव्हा. तिथे आता टॉवर झाले, आणि यांचे गुडघे गेले. विमानं माळ्यावर गेली ती गेलीच. इंजिनं मात्र बाल्कनीत राहिली. मला वाटतं, यांना विमानाचं कधी फारसं नव्हतंच. इंजिन कोणाला तरी दाखवायचं म्हणून ते विमानाला बसवत असावेत.

बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली यांचं टेबल आहे. तिथे बसून इंजिन खोलायचं आणि सुधारायचं. धूर बाहेर पडायचं भोक कानशीने जरा मोठं करायचं. पिस्टन आतून खरवडून हलका करायचा. हेडखाली पातळ वॉशर असतात, त्यातला एखादा काढला की दाब वाढतो, मग इंजिन जास्त जोराने पळतं. सगळं केसाएवढं. आणि घासलेलं परत येत नाही, हे यांचंच वाक्य. भाकरीचं पीठ सैल झालं तर मूठभर वरून घालता येतं, इथे तसं नाही.

इंधनात एरंडेल असतं. माझ्या घराला कायम एरंडेलाचा वास. पाहुणे आले की सोफ्यावर बसताना नाक मुरडतात आणि सभ्यपणे विचारतात, घरात कुणाला पोटाचा त्रास आहे का.

आता कढाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

लग्न नवीन होतं. आमटी गॅसवर ठेवून मी शेजारी जाताना यांना सांगून गेले, एक कढ आला की बंद करा. यांनी विचारलं, कढ आला हे ओळखायचं कसं? मी म्हटलं, ओळखायचं काय त्यात, आधी बुडबुडते, मग एकदम सगळीकडून वर येते, तोच कढ. तिथे थांबायचं. पुढे गेलं की उतू जातं नाहीतर आटतं. त्या दिवशी आमटी आटलीच. पण तो शब्द यांनी उचलला. इंजिनाला एक बारीक सुईसारखा स्क्रू असतो, त्याने इंधन कमीजास्त होतं. सुई बाहेर असली की इंधन जास्त जातं, इंजिन ओलं ओलं बुडबुडतं. हळूहळू आत घेत गेलं की आवाज मोकळा होतो, चढतो, आणि एका जागी सगळी खडखड नाहीशी होऊन तो सरळ होतो. तोच कढ. तिथे थांबायचं. त्यापुढे सुई आत घेतली तर इंधन कमी पडतं, आतलं तेलही कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन आतून ओरबाडून निघतो. मग ते कचऱ्यात.

यांच्याबरोबरचे हौशी लोक वेगवेगळे इंग्रजी शब्द वापरायचे. हे मात्र मैदानातसुद्धा "कढ आला, कढ आला" करायचे, आणि मी लांब सतरंजीवर बसून लाजेने मान खाली घालायचे.

कान नेमके कधी गेले, सांगता यायचं नाही. कारखान्यातले आवाज, वर ही इंजिनं, जायचेच होते. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग नातीचं बोलणं कळेना, कारण तिचा आवाज बारीक. "ही मुलगी तोंडातल्या तोंडात बोलते," म्हणाले. मग मी तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. मग बातम्या देणारे. सगळं जग एकाएकी तोंडातल्या तोंडात बोलायला लागलं, यांचे कान तेवढे शाबूत.

आणि त्याच सुमाराला इंजिनं जळायला लागली.

पहिलं जळलं तेव्हा यांनी एरंडेलाला दोष दिला, भेसळीचं आहे म्हणाले. दुसऱ्याला समुद्राच्या हवेवर ढकललं. दमट हवेत इंधन पाणी धरतं, हे खरंही आहे, पण वसईची हवा काय आजच दमट झाली? हे म्हणायचे, इंजिनाला कढच येत नाही. म्हणजे अजून घासायला हवं. मग अजून घासायचे, अजून एक वॉशर काढायचे, आणि ते बिचारं इंजिन आणखी तापट व्हायचं. सुधारता सुधारता यांनी चांगली चांगली इंजिनं मारली.

मला कळलं ते तिसऱ्या की चौथ्या वेळी. आमच्या सोसायटीने गच्चीवर इंजिन लावायला बंदी केली आहे. कोणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांवर एरंडेल उडालं होतं, त्याची मीटिंग झाली. म्हणून आम्ही भुईगावला जातो. तिथली एक बाई माझ्या पोस्टाच्या काउंटरवर नेहमी यायची, तिची वाडी समुद्राला लागून आहे. वाडीमागच्या वाळूत स्टूल ठेवायचं, स्टुलावर फळी, फळीला इंजिन आवळायचं. ते पंख्याच्या ओढीने पुढे सरकू नये म्हणून स्टुलावर भार द्यायला मी. माझं एवढंच काम. त्या दिवशी मी अशीच फळी दाबून बसले होते, भाजीचा विचार करत. हे सुई आत घेत होते. आणि मला कढ ऐकू आला. स्वच्छ आला. म्हटलं चला, आता घरी जाऊ. तर हे सुई आत घेतच राहिले. आवाज ताणला गेला, मग खरखरला, मग इंजिन कचकन थांबलं आणि पंखा हलेना.

"कढ आलाच नाही," हे म्हणाले.

मी बघत राहिले. त्या आवाजात वरची जी धार असते ना, तीच यांच्या कानापर्यंत पोचत नव्हती. खालची घरघर तेवढी पोचत होती. कढ आला की यांना उलट आवाज मंदावल्यासारखा वाटत असणार. म्हणून हे पुढे जायचे. येऊन गेलेल्याची वाट बघत बसायचे.

मी सांगितलं. रिक्षात सांगितलं, घरी सांगितलं, खाणाखुणा करून सांगितलं. हे हसले. "अगं, तुला काय कळतंय आवाजातलं? जन्मभर कानात बोटं घालून बसलीस." खरं तेच बोलले. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी लेक विरारहून आली आणि बाबांना धरून कानाच्या मशीनसाठी घेऊन गेली. तपासणी करणाऱ्या बाईंनी आलेख दाखवला. हे म्हणाले, त्यांचं यंत्र जुनं वाटतंय. पण लेकीपुढे यांचं चालत नाही, मशीन आलं. पहिल्या दिवशी हे जेवताना एकदम दचकले. म्हणाले, पापड एवढा वाजतो? मला हसू आलं, आणि बरंही वाटलं. त्या संध्याकाळी मी साध्या आवाजात बोलले, कितीतरी दिवसांनी. मी काहीबाही बोलतच राहिले. सांडोरहून येणाऱ्या केळीवालीच्या सुनेची गोष्टसुद्धा सांगितली, जिच्यात यांना काडीचा रस नाही.

दोन-चार दिवस गेले. मी बाजारातून आले तर हे बाल्कनीत भिंग लावून बसलेले, पुढ्यात ते मशीन उघडं पडलेलं.

"याचं भोक फार लहान ठेवलंय," हे म्हणाले. "आवाज कोंडतो."

बारीक कानशीने यांनी ते भोक मोठं केलं होतं.

मी खालीच बसले, पिशवी घेऊन. रागावण्याचंसुद्धा त्राण नव्हतं. सगळ्या जगात कानाचं मशीन कानशीने घासणारा माणूस एकच असेल, आणि तो माझ्याच वाट्याला यावा. त्यानंतर ते मशीन कानात घातलं की शीळ घालायचं, तीही यांना ऐकू यायची नाही, मला यायची. दुरुस्त होणार नाही असं दुकानात सांगितलं. दुसरं घेऊ म्हटलं तर हे म्हणाले, नको, तसल्या वस्तूंत दम नसतो. लेक फोनवर रडली. तिचं रडणंही यांना मीच ओरडून सांगितलं.

तर अशा तऱ्हेने बाल्कनीत एकच इंजिन उरलं.

ते यांचं सगळ्यात जुनं. एका मित्राने परदेशी जाताना देऊन टाकलेलं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली, सुटे भाग मिळत नाहीत. आतलं नळकांडं खराब झालं तर संपलं. याला यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, कानशीसुद्धा लावली नव्हती. पावसाळाभर हे तेच घेऊन बसले. भोक घासलं, आरशासारखं चकचकीत केलं, पिस्टन हलका केला, हेडखालचा वॉशर काढला. एकदा आपणहून म्हणाले, "हे शेवटचं. हे गेलं तर मी टेबल काढून टाकतो. तुला कपडे वाळत घालायला जागा होईल."

मला ती जागा हवी होती. कितीदा मागितली होती. पण टेबल गेलं की हे काय करणार? टीव्हीसमोर खुर्चीत बसणार, खालच्या अक्षरांच्या पट्ट्या वाचत. आमच्या बिल्डिंगमध्ये असे बसलेले दोघे-तिघे आहेत. बसले की उठत नाहीत. मला भीती वाटली, सरळ सांगते. मी थकले असले तरी मला हे असे बसलेले नको होते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही भुईगावला निघालो. रिक्षावाल्याने स्टूल आणि फळी बघून विचारलं, "आजी, शिफ्टिंग आहे का?" मी हो म्हटलं. कोण समजावत बसणार.

वाडीतल्या बाईने आमच्याकडे बघून नुसतीच मान हलवली. "पानी ठेवलंय, पिऊन घ्या आधी," म्हणाली. यांनी ऐकलं नाही, मी प्यायले. मग यांनी स्टूल वाळूत नीट रोवलं, इंजिन आवळलं, नळी जोडली, प्लगला बॅटरी लावली. काठीने पंख्याला टोला दिला. एकदा, दोनदा, आणि इंजिन लागलं. एरंडेलाचा धूर माझ्या तोंडावर.

बुडबुडत होतं. हे सुई आत घ्यायला लागले, अगदी हळू, अलगद. यांचे हात अजून स्थिर आहेत, ते कबूल करायलाच हवं. आवाज मोकळा झाला. चढला. खडखड कमी कमी होत गेली आणि मग सगळं सरळ झालं. इतकी इंजिनं ऐकली मी जन्मात, नाइलाजाने ऐकली, पण असा कढ कशालाच आला नव्हता. पावसाळाभराचं घासणं त्यात होतं.

"आला," मी ओरडले. "थांबा."

यांचं लक्ष सुईकडे. ओठ घट्ट मिटलेले. सुई अजून आत.

"अहो, आला. बास."

मी यांच्या हाताला धरलं तर यांनी झटकून टाकला. आवाज ताणायला लागला. पुढचं मला माहीत होतं. मी फळी सोडली आणि इंधनाची नळी चिमटीत दाबून धरली. इंजिन एक गचका खाऊन बंद पडलं.

"काय केलंस हे?" यांचा चेहरा लाल. "आता येणारच होता."

"येऊन गेला."

"काय?"

"कढ. येऊन गेला," मी यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हटलं.

बोटाला थुंकी लावून यांनी ते हेडला टेकवलं. चर्र झालं. ते ऐकू आलं नसेल, पण वाफ दिसली. मग प्लग काढला आणि भिंगातून त्याची तार बघितली. तार करपून वाकडी झाली होती, म्हणजे इंजिन फार तापलं होतं. माझ्यावर यांचा विश्वास नसेल, पण धातूवर आहे. मग पंखा बोटाने फिरवून बघितला. फिरला. आतमध्ये काही ओरबाडलं नव्हतं.

"सांगत होतीस ते हेच का?" यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"त्या आधीच्या इंजिनांनाही आला होता?"

मी परत मान डोलावली. खोटं बोलले असते तरी चाललं असतं, पण सुचलं नाही.

हे वाळूत बसले. गुडघ्यांमुळे असे खाली कधी बसत नाहीत. "मला नाही आला," हळूच म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. "मला वाटलं, इंजिनंच तशी झाली." हे वाक्य यांच्या तोंडून निघावं म्हणून मी किती घसा फोडला होता. निघाल्यावर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. ते सगळं सोडून मी शेजारी बसून यांच्या शर्टावरची वाळू झटकत राहिले.

थोड्या वेळाने हे उठले. बाटली परत भरली, नळी जोडली, नवीन प्लग बसवला. मग फळी फिरवून सुईची बाजू माझ्याकडे केली आणि माझी बोटं धरून तिच्यावर ठेवली.

"तू लाव. मी पंखा मारतो."

म्हणजे बेल, फोन, बँक, डॉक्टर, आणि आता हेही माझ्याच गळ्यात. मनात आलं, नाही म्हणावं. पण यांनी काठी उचललीसुद्धा होती.

इंजिन लागलं. मी सुई आत घ्यायला लागले. बोटं तेलाने निसटत होती, आणि हे एका हाताने स्टूल दाबून माझ्यासमोर उभे होते. इंजिनाकडे बघतच नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, डोळ्याचं पातं न लववता. आवाज चढत गेला, मोकळा झाला, सरळ झाला. मी सुईवरून बोटं काढून घेतली.

तो कढ तसाच राहिला. मला वाटलं, यांना सांगावं, आला हो, पहिल्यापेक्षा छान आलाय, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मी जन्मात इंजिनासाठी रडले नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

यांना वाटलं, बिघडलं. घाईघाईने हात पुढे करून यांनी नळी दाबली आणि इंजिन बंद केलं.